पहिला पळा

बायाक्का रांधताना कधी चाखत नसे. चाखणं तिला कमीपणाचं वाटायचं. बनशंकरीच्या नैवेद्याला जीभ लावायची नसते, आणि वडगावच्या विणकर गल्लीत पौषातल्या पुनवेला देवीपुढं भाज्यांची जी रास मांडत, तिच्यातल्या निम्म्या भाज्या बायाक्काच्या चुलीवरच्या असत. मग उष्टं न करता मीठ कळायचं कसं? वासावरून! भांडं खाली उतरवायचं, पदरानं वाफ नाकाकडं ओढायची, "चिमटीभर कमी हाय" म्हणायचं आणि चिमटीभर टाकायचं. बरोबर उतरायचं, त्यात खोट नाही. हे तिला सासूनं शिकवलं होतं. सासू गेली, सवय राहिली, आणि पुढं त्या सवयीचा तोरा झाला. शेजारची मालुबाई आमटी पळीनं हातावर घेऊन चाटायला लागली की ही म्हणायची, "अगं, आमटी हाय का औषध? किती चाटशील!"

तिचं वर्ष भाज्यांवर चालायचं. उन्हाळ्यात कोवळा फणस चिरून, हाताला तेल चोळून, त्याची वाटाणे घातलेली भाजी. मिरगाच्या पावसानंतर बांधावरचा टाकळा. श्रावणात अंबाडी, जिला तिकडं सगळे पुंडीच म्हणतात. जोंधळ्याच्या कण्या घालून ती शिजवायची, वर लसणाची सढळ फोडणी, आणि गल्लीच्या तोंडाशी वास गेला की माणसं म्हणायची, बायाक्काकडं पुंडी शिजली. थंडीत पावटा, मेथी, गुरेळाची म्हणजे कारळ्याची चटणी. नवरा सुबराव मागावर बसणारा, कमी बोलणारा माणूस. कौतुक म्हणून कधी शब्द काढायचा नाही, पण पुंडीच्या दिवशी एक भाकरी जास्त खायचा. बायाक्काला तेवढ्यावर समजायचं.

पोरं झाली आणि गेली. राहिली एकटी सत्यवती, घरातली सत्यव्वा. तिला निपाणीजवळच्या बोरगावात दिली. जावई बसवंत तंबाखूच्या वखारीत कामाला, स्वभावानं गरीब गाय. पोरगी सुखात पडली असं बायाक्का सगळ्यांना सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. पण नुसत्या चांगल्या स्वभावानं पोट भरत असतं तर काय पाहिजे होतं!

कारण मग ते लढाईतलं साल आलं. लढाई कुठं आणि जोंधळा गेला कुठं, कुणाला कळेना. बाजारात धान्य दिसेनासं झालं. रेशनच्या दुकानात मिळायचा तो किडका, वास मारणारा दाणा, आणि तोही संपला म्हणून सांगायचे. सुताचीही तीच गत. निम्मे माग उभेच. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. त्या साली कोंडासुद्धा शोधावा लागत होता.

त्याच आषाढात सत्यव्वा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बसवंतानं तिला मोटारीतून आणून सोडलं, दारात पाणी प्यायलं आणि आल्या पावली परत गेला. वखारीतला खाडा परवडणारा नव्हता. बायाक्कानं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळायला तुकडा हातात घेतला आणि तिचा हात तसाच राहिला. पोट तेवढं पुढं आलेलं, बाकी सगळी हाडं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"काय खाईत हुतीस गं तितं?" आत नेऊन बायाक्कानं विचारलं.

"खाईत हुते की. समदी खात्यात तेच." सत्यव्वा हसली. "आई, पुंडी आली का गं बाजारात? मला लई दिसापासनं पुंडी खावी वाटतीया. तुझ्या हातची. पोटभर."

गर्भारशीचा डोहाळा तो! चांगल्या दिवसांत गल्लीतल्या दहा घरांतून दहा वाट्या आल्या असत्या. यंदा मालुबाईनं येऊन नुसतीच ओटी भरली, तीसुद्धा तांदळाच्या जागी वाळूसारख्या कण्यांची, आणि मान खाली घालून गेली. बायाक्कानं त्या दिवशी देवीसमोर हात जोडले, पण देवीला काही मागितलं नाही. स्वतःलाच बजावलं: ही पोर माझ्या घरात पोटभर खाईल, आणि बाळाला मांडीवर घेऊनच बोरगावला जाईल. त्यासाठी काय करावं लागंल ते करीन.

करण्यासारखं एकच होतं. घरात एक पीठ होतं.

ते होतं खळीचं पीठ. मागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ पाजावी लागते. पीठ पाण्यात शिजवून पातळ पेज करायची, गल्लीत लांबलचक ताणलेल्या सुतावर कुंच्यानं ती फिरवायची, वाळली की सूत ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. सुताबरोबर खळीचं पीठही पेढीच द्यायची आणि तयार लुगडी घेऊन जायची. पावसाळ्यात खळ नासते, सुताला बुरशी धरते, म्हणून शिजवून झाल्यावर शेवटी तिच्यात मोरचूद घालत. निळं विष ते. पण मोरचूद पडण्याआधी खळीचा पहिला पळा लेकरांचा, ही वडगावातली जुनी रीत. खळ शिजली की बायका एक पळा बाजूला काढायच्या, मीठ टाकायच्या, पोरं बोटांनी चाटायची. पेढीवाल्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांचे आजे-पणजेसुद्धा तिकडं काणाडोळा करत आले होते.

बायाक्कानं एका पळ्याचे दोन केले, दोनाचे चार. नंतर पीठच कोरडं बाजूला काढायला लागली. त्याची मऊ आंबील, कधी पानगं, कधी ओंजळभर पाला घालून पिठलं. लेकीला सांगायची, रेशनचं हाय. स्वतः आणि सुबराव पाल्याच्या पाण्यावर दिवस काढत. सुबराव विचारायचा नाही. लेक जेवते आहे एवढं त्याला दिसत होतं, आणि लेकीच्या ताटात पीठ कुठून येतं हे ज्याला विचारायचंच नाही त्याला ते दिसतही नाही.

पण खळ पातळ झाली. पातळ खळीचं सूत मागावर टिकतं होय? धोटा फेकला की दोरा तुटायचा, जोडला की दुसरा तुटायचा. लुगड्यात गाठीच गाठी. पेढीवर दिवाणजीनं ते लुगडं उजेडात धरलं आणि चार लोकांसमोर सुबरावच्या अंगावर टाकलं. आयुष्यात ज्याच्या विणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं तो माणूस, घरी आला तो लाल होऊन.

"खळीत पाणी किती वततीस गं?"

बायाक्का चुलीपुढून उठली नाही. "पाणी रोजचंच. पीठच हलकं आलंया."

झालं! एवढं एक खोटं बोलली. आणि सुबराव, बायकोच्या शब्दावर आंधळा विश्वास टाकणारा, दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन भांडला. "पीठ हलकं देता आनि आमच्या विणीला नावं ठेवता?" दिवाणजी विडा चघळत शांतपणे म्हणाला, "पीठ हलकं न्हाई, सुबराव. तुझ्या घरातली पोटं जड झाल्यात." बसलेले लोक हसले. सुबराव बोलला, "माझ्या घरात खळ खाईत न्हाईत. उपाशी मरतील, खळ खाणार न्हाईत." दिवाणजीनं मान डोलावली आणि गड्याला हाक मारली. बारीक कुटलेलं मोरचूद त्यानं सुबरावच्या वाट्याच्या पिठात त्याच्या डोळ्यांदेखत कालवलं. "मग तुला काय फरक पडतोय? तरी घरात सांग बाबा. खाऊ नका म्हणावं."

दिवाणजी सांगून मोकळा झाला. आणि सुबरावनं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? आता काय सांगावं! घरी जाऊन बायकोला "या पिठात विष हाय, खाऊ नगंस" म्हणायचं म्हणजे तिला चोर म्हणायचं. चार लोकांत ज्याची शपथ घेतली तेच घरात येऊन तपासायचं. त्याला वाटलं, ती खळच करणार, वर आणखी मोरचूद टाकेल, टाकू दे. बायकोची अब्रू राखली म्हणून तो मनात समाधानी होता. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी म्हण आहे. इथं आई जेवू घालायला जिवाचं रान करत होती, आणि बाप आपला मान कुरवाळत बसला होता. राग येतो, पण त्याचा यायचा की आणखी कुणाचा, तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. मालुबाईच्या परसात पुंडीची चार रोपं तरारली होती. तिनं कोवळी पानं खुडून ओटीत आणून टाकली. "घे गं. पोरीचा डोहाळा तरी फिटंल." बायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पानं निवडली, वाफवली, आंबट पाणी निम्मं काढून टाकलं. कण्या कुठल्या आणायच्या? सुबरावनं कालच पेढीवरून आणलेलं, मडक्यातलं खळीचं पीठ ओंजळ ओंजळ घेतलं. पीठ जरा निळसर दिसलं. ओल लागली असंल, म्हणाली. त्या साली निळं-काळं न बघता माणसं काहीही खात होती. पुंडीच्या हिरवट रंगात तो रंग बुडूनच गेला. वर लसूण. तेल नव्हतंच, मागाला लावायच्या तेलाचे चार थेंब काढले. तडतड आवाज झाला आणि घरात लई दिवसांनी तो वास सुटला. बायाक्कानं पदरानं वाफ ओढून घेतली. लसणाखाली काहीतरी वेगळं नाकाला लागलं, पण तेलाचा वास असंल म्हणून सोडून दिलं. एक बोट, एकच बोट जिभेला लावलं असतं तर! पण तिनं कधी लावलं नव्हतं. शिवाय ताटातला एक घाससुद्धा लेकीचा होता.

सत्यव्वा जेवायला बसली ती मान वर न करता जेवली. थाळी पुसून काढली.

"आनि हाय का गं?"

"हाय की! तुझ्याचसाठी केलंया." बायाक्कानं खरवडून वाढलं. लेकीला असं खाताना बघून तिचं स्वतःचं पोट भरलं. त्या दुपारी ती गल्लीत दोनदा उगीच बाहेर आली. कुणीतरी विचारावं आणि सांगावं, माझी पोर आज जेवली.

तिन्हीसांजेला सत्यव्वाला उलटी झाली. मग आणखी एक. पोटात मुरडा मारू लागला. मालुबाई आली, कपाळाला हात लावून म्हणाली, "उपाशी पोटाला एकदम जड अन्न सोसलं न्हाई बग. आनि गरवारशीला उलट्या व्हायच्याच. रिकामं पोट ठेवू नगंस, हलकं काय तरी दे." शहाणी बाई, चार बाळंतपणं पार पाडलेली. तिचंही चुकलं नाही म्हणायचं तर कुणाचं चुकलं?

बायाक्कानं हलकं केलं. त्याच पिठाची आंबील, ताकाच्या पाण्यात, लसूण ठेचून. ती पोटात राहिली नाही म्हणून सकाळी पुन्हा केली.

"आई, तोंडाला तांब्याच्या भांड्यावानी चव येतीया," सत्यव्वा म्हणाली.

"उलट्यांनी येती तशी. दोन घोट घे. पोटातल्याला तरी लागतंय न्हवं?"

पोटातल्याचं नाव काढल्यावर पोरीनं डोळे मिटून वाटी संपवली.

सुबराव सकाळीच शहापुरात गेला होता, सूत मिळतंय का बघायला. दुपारी रिकाम्या हातानं परतला. दारात पाय ठेवला तर बायको चुलीवर डेचकी ढवळत होती, शेजारी खळीच्या पिठाचं मडकं उघडं, आणि त्यात पिठानं माखलेली वाटी.

"आता खळ कुनासाठी शिजवतीयास? सूत कुठाय?"

बायाक्का दचकली. मग म्हणाली, आता लपवून काय करायचं. "खळ न्हवं. पोरीसाठी आंबील. काय बोलायचं ते मागनं बोला. मी घेतलंया पीठ, मीच चोर. पर ती उपाशी हुती."

सुबराव तसाच उंबऱ्यात खाली बसला. "कवापासनं?"

"ती आल्यापासनं."

"ह्या मडक्यातलं कवापासनं?"

"काल. पुंडीत. अवो, असं काय बघता?"

"त्यात मोरचूद हाय."

"मी कुठं घातलंया अजून!"

"पेढीनं घातलंया. कालवूनच दिलंया."

बायाक्काच्या हातातला पळा डेचकीतच राहिला. आतून सत्यव्वाच्या कण्हण्याचा आवाज येत होता. बायाक्कानं अगदी हळू आवाजात, जसं काही शेजारी ऐकतील, विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

सुबरावनं मान हलवली. होय म्हणून.

पुढची धावपळ काय सांगायची. मालुबाईच्या दिरानं बैलगाडी जुंपली, दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी नळी घातली, दूध मागवलं, अंड्याचा पांढरा बलक पाजला. काय खाल्लं होतं, त्यांनी विचारलं. सुबराव म्हणाला, "घरातलंच." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तेव्हा बायाक्कानं सांगितलं, खळीचं पीठ. ते हात धुवायला वळले. पोर गेलेलंच जन्माला आलं, मुलगा होता. दिवेलागणीच्या आधी सत्यव्वाही गेली. जाताना शुद्धीवर होती का नव्हती, देव जाणे. आईचं बोट मात्र तिनं धरून ठेवलं होतं.

गल्लीत सांगितलं, पटकी झाली. त्या पावसात पटकीनं माणसं मरतच होती, कुणी शंका घेतली नाही. मालुबाई तेवढी समजली असावी, कारण त्या दिवसापासून तिच्या घरात पहिला पळा बंद झाला. बसवंत दिवसकार्याला आला, भिंतीला टेकून बसून राहिला, आणि न जेवता गेला.

सुबराव आणि बायाक्का त्या दिवशीच्या गोष्टीबद्दल पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. माग चालू झाला, लुगडी उतरली, खळही शिजली, पण आता तो स्वतः शिजवायचा. बायाक्काची चूल पेटायची एवढंच. पौषातल्या पुनवेला बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, माझा हात विटला, दुसरीला सांगा. आणि दोघांपुरतं जे काही शिजवायची ते आधी स्वतः खायची, नुसतं चाखायची नाही, घासभर खायची, आणि बराच वेळ भिंतीकडं बघत थांबायची. मगच नवऱ्याला वाढायची. भाकरी गार होऊन जायची. सुबराव कधी म्हणाला नाही की लवकर वाढ.

लढाई संपली. दाणागोटा थोडा दिसू लागला. मग ते साल आलं, जेव्हा शाळेच्या पोरांनी गल्लीतून झेंडे नेले आणि पेढीवर साखर वाटली. त्याच श्रावणात एके दिवशी बसवंत दारात उभा राहिला. अंगानं भरला होता, मिशी राखली होती, हातात नव्या जोंधळ्याची पिशवी. सुबराव मागावरून उठला. बायाक्कानं पाणी दिलं.

बसवंत बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, वखारीचं, पावसाचं. मग खाली बघत म्हणाला, "मामी, घरची मानसं दुसरं लगीन ठरवायला लागल्यात. तुमच्या कानावर घालावं म्हनून आलतो. तुमी नगं म्हनला तर मी करणार न्हाय."

"कर बाबा," बायाक्का म्हणाली. "किती दिस एकला राहाशील? कर."

"एक इचारू का? चार वर्सं झाली, धीर झाला न्हाय." "आमच्या घरात ती अर्धपोटीच हुती. मी वखारीतनं यायचो, ती म्हनायची मी जेवले, आनि मला कळायचं की जेवली न्हाय. कळूनबी मी भाकरी खायचो. ते मला सोडत न्हाय, मामी. हितं आल्यावर तरी तिला पोटभर मिळलं का? जायच्या आदी एकदा तरी पोटभर जेवली का ती?"

माग थांबलेला. सुबराव मागाच्या लाकडाला धरून उभा होता, त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

बायाक्कानं जावयाच्या तोंडाकडं बघितलं. त्याला खोटं सांगावं लागणार नव्हतं, आणि तेच तिला सोसेना.

"जेवली," ती म्हणाली. "पुंडी केलती. पोटभर खाल्ली. आनि मागितली, तीबी दिली. मीच वाढलं."

बसवंतानं सुटकेचा श्वास सोडला. चार वर्षांचं ओझं उतरलं त्याच्या खांद्यावरून. पुढं सरकून त्यानं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "लई उपकार झालं, मामी."

बायाक्काला पाय मागं घ्यायचे होते. पण तो रडत होता, म्हणून ती तशीच उभी राहिली.